तारेचा डिस्क ब्रेक अडकत असेल तर: नव्या सायकलस्वारांसाठी तपासणी आणि दुरुस्ती

पावसाळा सरत आला की नागपुरातल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ब्रेक दाबला की लागतो, पण सोडल्यावर पूर्ण सुटत नाही. सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखे वाटते आणि घरी येऊन चाक उचलून फिरवून पाहिले तर ते दोन फेऱ्यांत थांबते. ज्यांनी आजवर रबरी गुटक्यांचे साधे ब्रेकच वापरले आहेत त्यांना हा बिघाड गूढ वाटतो, कारण रबरी ब्रेकमध्ये काय कशाला घासते आहे ते डोळ्यांना सरळ दिसते आणि इथे सगळा कारभार धातूच्या एका छोट्या डबीत चालतो. प्रत्यक्षात तारेने चालणारा डिस्क ब्रेक फारसा गुंतागुंतीचा नाही. थोडा धीर, मोजकी हत्यारे आणि योग्य क्रम एवढ्यावर तो घरच्या घरी मोकळा करता येतो.

क्रमाला इतके महत्त्व देण्यामागे कारण आहे. ब्रेक अडकला की बहुतेक जण सर्वांत आधी तारेचा ताण बदलून पाहतात. ताण सैल केला की चाक सुटते खरे, पण मग लिव्हर पार हँडलला टेकला तरी ब्रेक लागत नाही. म्हणून ताण वाढवायचा, की चाक पुन्हा धरले जाते. या ओढाताणीत दिवस जातो आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. अडकलेला भाग कोणता आहे हे निश्चित होईपर्यंत ताणाचा एकही स्क्रू फिरवू नये, हा या लेखातला माझा मुख्य आग्रह आहे.

लिव्हरपासून चाकापर्यंत तेलाची बंद नळी गेलेला हायड्रॉलिक ब्रेक निराळा असून त्याला पुढचे उपाय लागू पडत नाहीत. ओळखण्याची खूण सोपी आहे: कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेल्या धातूच्या चकतीला चिमटीत धरणाऱ्या डबीपाशी, बोटभर उघडी तार दिसत असेल आणि ती एका दांडीला बोल्टने आवळलेली असेल, तर तुमचा ब्रेक तारेचा आहे.

आत काय घडते

लिव्हर दाबला की तार ओढली जाते आणि ती कॅलिपरवरच्या दांडीला फिरवते. दांडीच्या मुळाशी, कॅलिपरच्या पोटात, दोन तबकड्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्यांच्यावर उतरत्या खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांत पोलादी गोळ्या असतात. दांडी फिरली की गोळ्या खाचेच्या उतारावर चढतात आणि तबकड्या एकमेकींपासून दूर सरकतात. बाटलीचे झाकण फिरवले की ते जसे हळूहळू आत जाते, तसेच इथे फिरण्याचे सरकण्यात रूपांतर होते. सरकलेली तबकडी बाहेरच्या बाजूचा पॅड, म्हणजे चकतीला घासणारा गुटका, चकतीवर दाबते. सर्वसाधारण किमतीच्या बहुतेक सायकलींवर एवढा एकच पॅड हलतो. चाकाच्या बाजूचा पॅड जागेवर स्थिर असतो. हलणारा पॅड चकतीला किंचित वाकवतो, ती पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकते आणि दोघांच्या मध्ये धरली जाते.

आता उलटा प्रवास पाहावा. तार ओढू शकते, पण ढकलू शकत नाही. ब्रेक सोडल्यावर दांडीला परत आणण्याचे काम स्प्रिंगांनाच करावे लागते: एक दांडीच्या मुळाशी, बऱ्याच सायकलींत एक लिव्हरमध्ये, आणि दोन पॅडांना एकमेकांपासून दूर ठेवणारी एक पातळ पत्र्याची. बोटांत जोर भरपूर असतो आणि लिव्हरच्या लांबीमुळे तो आणखी वाढतो, त्यामुळे तारेत चिखल असला, गंज असला, तरी ब्रेक लागतोच. सुटण्याच्या वेळी मात्र तोच चिखल आणि तोच गंज एका लहानशा स्प्रिंगला एकटीने ओलांडायचा असतो, आणि तिथे ती हरते. ब्रेक नीट लागतो पण सुटत नाही, याचे उत्तर जवळजवळ नेहमी या असमान ताकदीत असते. म्हणून दुरुस्ती म्हणजे स्प्रिंगच्या वाटेतला अडथळा शोधून काढणे.

तयारी

५ मिमी आणि ४ मिमीच्या एलन की, चकतीच्या बोल्टसाठी टी-२५ मापाची टॉर्क्स की, पकड, जुना टूथब्रश, बारीक कानस, एक दाभण, शिवणयंत्राचे पातळ तेल, थोडे ग्रीस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली एवढे साहित्य पुरते. तार बदलायची असेल तर तार कापण्याचे खास कटर लागते. ते महाग वाटल्यास तेवढे एक काम दुकानातून करून आणावे, पण साध्या पकडीने आउटर, म्हणजे तार ज्यातून जाते ती काळी नळी, कापू नये. सुती फडक्याचे दोन तुकडे घ्यावेत आणि एकाला तेल मुळीच लागू देऊ नये, कारण तोच चकतीसाठी राखून ठेवायचा आहे.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली तरी तारेच्या ब्रेकला त्याचा काही अपाय होत नाही. एक सूचना मात्र अत्यंत गांभीर्याने घ्यावी: चाक फिरत असताना चकतीच्या जवळ बोट नेऊ नये. चकतीला भोके आणि खाचा असतात आणि फिरत्या चकतीत बोटाचे टोक तुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जवळपास लहान मूल असेल तर त्याला आधी दूर बसवावे. लांबून सायकल चालवून आल्यावर घासणारी चकती चटका बसेल इतकी तापलेली असते, तेव्हा ती गार होऊ द्यावी.

अडकले कुठे आहे

तपासणीची सुरुवात ब्रेकपासून न करता चाकापासून करावी. चाकाचा क्विक रिलीज (हाताने उघडणारी खिट्टी) किंवा नट सैल करून, सायकल जमिनीवर सरळ उभी असताना चाक खाचेत पूर्ण आत बसवून पुन्हा आवळावे. पंक्चर काढल्यानंतर चाक तिरके बसणे आणि त्यामुळे चकती एका पॅडला घासणे हे इतके सामान्य आहे की निम्मी काळजी कधी कधी इथेच मिटते. त्यानंतर चाकाची रिम हातात धरून डावी-उजवीकडे हलवावी. खटखट जाणवली तर हबचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचे, बेअरिंग सैल आहे, आणि चाक डुलत असेल तर चकतीही डुलणारच. अशा वेळी ब्रेकची कितीही जुळवणी केली तरी ती टिकत नाही.

आता कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून, चाक अगदी हळू फिरवत, चकती आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून पाहावे. दर फेरीला एकाच ठिकाणी शीं असा आवाज येऊन पुढे चाक मोकळे जात असेल तर चकती वाकलेली आहे. आवाज सलग असेल आणि एका बाजूची फट दिसतच नसेल, तर पॅड परत आलेला नाही किंवा कॅलिपर सरकलेला आहे.

मग चाक फिरत असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. हँडल वळवताच ब्रेक लागू लागला किंवा सुटला तर आउटर आखूड आहे किंवा कुठेतरी फ्रेमला ताणून बांधलेले आहे. नवी सायकल घरी आणून जोडताना पुढच्या ब्रेकचे आउटर हँडलभोवती चुकीच्या बाजूने गेलेले मी पाहिले आहे. तिथे दुरुस्ती म्हणजे फक्त ते सोडवून योग्य बाजूने घेणे.

एवढे झाले की निर्णायक चाचणी. कॅलिपरवर तारेला आवळणारा बोल्ट एलन कीने सैल करावा आणि तार मोकळी करावी. त्याआधी ती कुठवर आवळलेली होती तिथे पेनाने खूण करून ठेवावी. आता तार बाजूला ठेवून दांडी अंगठ्याने पूर्ण दाबावी आणि एकदम सोडावी. ती टक्कन आपल्या मूळ जागी आली तर कॅलिपर निर्दोष आहे आणि दोष तारेत किंवा लिव्हरमध्ये आहे. ती सुस्तपणे आली, अर्ध्यात थांबली किंवा आलीच नाही, तर दोष कॅलिपरमध्ये आहे. याच वेळी दुसऱ्या हाताने तारेचे मोकळे टोक पकडीने धरून, लिव्हर दाबत आणि सोडत, तार पुढे-मागे ओढून पाहावी. ती रेशमाच्या दोऱ्यासारखी सरकली पाहिजे. कुठे खरखर, कुठे अडखळ लागली तर तार बदलायची वेळ आलेली आहे. या चाचणीला दोन मिनिटे लागतात आणि तिच्यामुळे पुढचे दोन तास वाचतात.

तार आणि आउटर

माझ्या अनुभवात अडकणाऱ्या दर दहा ब्रेकांपैकी सात-आठांचा दोष इथेच निघतो. आतल्या तारेला दुकानात इनर म्हणतात आणि ती ज्यातून जाते त्या काळ्या नळीला आउटर. ब्रेकचे आउटर म्हणजे पोलादी पट्टीची घट्ट गुंडाळी, तिच्या आत प्लास्टिकची गुळगुळीत नळी आणि वरून प्लास्टिकचे आवरण. नागपूरच्या हवामानात हे आवरण दुहेरी मार खाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सायकल दिवसभर उन्हात उभी राहिली की आवरण कडक होते आणि वळणांवर त्याला बारीक चिरा पडतात. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की त्याच चिरांतून पाणी आत शिरते. मागच्या ब्रेकचे आउटर फ्रेमच्या खालच्या भागातून जात असेल तर पाणी सर्वांत सखल वळणावर साचते आणि तिथेच गंज धरतो. त्यात इथली काळी माती. ती ओली असताना चिकट असते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते, त्यामुळे पावसात अडकत नसलेला ब्रेक चार दिवसांची उघडीप पडल्यावर अडकू लागतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा त्या भागात राहणाऱ्या माझ्या भाच्याची सायकल पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर त्याने ती वरून धुतली, पुसली आणि आठवड्याभराने चालवायला काढली तर मागचे चाक जागचे हलेना. एका दुकानात तारेचा ताण सैल करून ती परत दिली गेली. चाक फिरू लागले, पण मागचा ब्रेक नावापुरताच उरला. मी तार ओढून काढली तेव्हा ती निम्म्या लांबीपर्यंत तपकिरी झालेली होती. आउटरचे टोक फरशीवर दोनदा आपटले तर त्यातून करड्या गाळाची वाळलेली पूड चमचाभर तरी पडली. ती पूड बोटांत चुरली तेव्हा पिठासारखी मऊ लागली, आणि स्प्रिंगला कशाशी झुंजावे लागत होते हे त्या क्षणी समजले. तिथे तेल सोडून काहीही साधले नसते, कारण त्या पुडीत तेल मिसळले की तिचा पुन्हा चिखलच होतो.

म्हणून निर्णय असा करावा. तार स्वच्छ, चकचकीत आणि बिनवळणाची असेल, केवळ कोरडी झाली असेल, तर ती बाहेर काढून पुसावी, आउटरमध्ये पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत आणि तार परत घालावी. तारेवर गंजाचे ठिपके असतील, एखादा धागा तुटून बाहेर आला असेल किंवा ती कुठे मोडून कोन पडला असेल, तर इनर आणि आउटर दोन्ही बदलावे. फक्त इनर बदलून जुने आउटर ठेवणे ही काटकसर टिकत नाही, कारण गंज आणि गाळ आउटरच्या पोटातच राहिलेले असतात.

तेलाच्या बाबतीत घरातले खोबरेल वापरण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात ते उत्तम चालल्यासारखे वाटते, पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट १० अंशांच्या जवळ जाते. त्या दिवसांत सकाळी ब्रेक अडकतो, दुपारी ऊन लागल्यावर आपोआप सुटतो आणि मालकाला कोडे पडते. जाड ग्रीसही आउटरमध्ये भरू नये. ते धूळ धरून ठेवते.

नवे आउटर घेताना दुकानदाराला ब्रेकचे आउटर हवे असल्याचे स्पष्ट सांगावे. ते सामान्यतः ५ मिमी जाडीचे असते आणि त्यातली तार १.५ ते १.६ मिमीची. गिअरचे आउटर दिसायला तसेच, पण बहुधा ४ मिमीचे असते आणि त्यातल्या पोलादी तारा लांबीला समांतर लावलेल्या असतात. ब्रेकच्या जोरात त्या फाकून आउटर फुटू शकते, म्हणून गिअरचे आउटर ब्रेकला कधीही वापरू नये. लांबी ठरवताना जुन्याचे माप घ्यावे, परंतु जुने आखूड नव्हते याची खात्री हँडल वळवून आधीच केलेली असावी.

आउटर कापल्यानंतरच्या दोन मिनिटांच्या कामावर पुढची दोन वर्षे अवलंबून असतात. कटरने कापलेले टोक थोडेसे चेपते आणि आतल्या प्लास्टिकच्या नळीचे तोंड मिटते. दाभणाचे टोक त्यात घालून ते तोंड गोल करावे, आणि पोलादी गुंडाळीचे टोक तिरके राहिले असेल तर कानसीने घासून सपाट करावे. त्यावर धातूची टोपी बसवावी. टोपीविना बसवलेले आउटर ब्रेक दाबताना आपल्या जागेत रुतते, तिरके होते आणि तार कडेला घासू लागते. कॅलिपरपाशी उघड्या तारेवर रबरी नळी असेल तर ती फेकून देऊ नये. चिखल आत जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता तीच अडवते.

लिव्हरचा दोष असला तर तो तार सुटी असतानाच कळतो. लिव्हर दाबून सोडल्यावर जागी येत नसेल किंवा हाताने हलवताना कचकच वाजत असेल, तर त्याच्या खिळीवरचा स्क्रू पाव फेरा सैल करावा, खिळीला तेलाचा एक थेंब द्यावा आणि तारेच्या टोकाची गोळी ज्या खोबणीत बसते ती टूथब्रशने साफ करावी. सायकल पडल्यावर लिव्हर वाकून त्याच्या घराला घासत असेल तर तो सरळ करत बसू नये, बदलावा.

कॅलिपर

दांडी हाताने दाबून परत आली नाही, तर कॅलिपर सोडवावा लागतो. तो फ्रेमला दोन बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट काढण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढावेत, विशेषतः दांडीवरची स्प्रिंग कोणत्या खिळीत अडकवली आहे त्याचा. पुष्कळदा दोष इथेच सापडतो: स्प्रिंगचे टोक आपल्या खिळीतून निसटलेले असते आणि ते पकडीने परत बसवताच दांडी पहिल्यासारखी उसळते. काही कॅलिपरांवर स्प्रिंगचा जोर वाढवणारा एक बारीक स्क्रू असतो. तो अर्धा फेरा आवळून पाहण्यास हरकत नाही, मात्र घाण तशीच ठेवून केवळ स्प्रिंगचा जोर वाढवल्यास लिव्हर जड होतो आणि मूळ अडथळा राहतो.

यानंतर पॅड काढावेत. ते कुठे खिळीने, कुठे छोट्या बोल्टने, तर कुठे फक्त स्प्रिंगच्या दाबाने किंवा चुंबकाने धरलेले असतात. डावा-उजवा ओळखता येईल अशी खूण मागच्या धातूवर करून ठेवावी. पॅडांमधली पातळ स्प्रिंग वाकलेली असेल, तिचा एक पाय पॅड आणि चकती यांच्यामध्ये आलेला असेल, तर चाक अडकण्याचे कारण डोळ्यांसमोर आहे. पॅडवरचा घर्षणाचा थर १ मिमीपेक्षा कमी उरला असल्यास पॅड बदलावेत. थर संपत आला की हलणाऱ्या पॅडला फार लांब जावे लागते, दांडी आपल्या चालीच्या शेवटाला पोहोचते आणि तिथून ती सहज परतत नाही.

रिकाम्या कॅलिपरचे पोट साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या टूथब्रशने घासावे. पॅड ज्या खोबणीतून सरकतात तिच्या कडांवर काळ्या भुकटीचा आणि मातीचा थर बसतो. तो खरवडून काढावा. पूर्ण वाळल्यावर दांडीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूने, तेलाचा फक्त एक थेंब सोडावा, दांडी वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे करावी आणि बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे. पॅड बाहेर असतानाच हे करायचे आहे, हे लक्षात असू द्यावे. रॉकेल किंवा डिझेलने कॅलिपर धुण्याची पद्धत सरसकट दिसते. त्याचा तेलकट अंश पॅडमध्ये मुरतो, ब्रेक किंचाळू लागतो आणि पकड जाते. एकदा तेल प्यायलेला पॅड पूर्ववत होईल याची खात्री देता येत नाही. गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा दाबाचा फवाराही कॅलिपर आणि हब यांवर मारू नये. तो माती बाहेर काढण्याऐवजी पाणी आत ढकलतो.

एवढ्याने दांडी मोकळी झाली नाही तर गोळ्या आणि तबकड्या उघडाव्या लागतात, आणि इथे नवशिक्याने थांबावे असे माझे प्रामाणिक मत आहे. दांडी दातेरी अक्षावर बसलेली असते. ती परत बसवताना एक दाता जरी चुकला तरी तिची सुरुवातीची जागा बदलते आणि ब्रेक एकतर सदैव अर्धवट लागलेला राहतो किंवा पुरेसा लागतच नाही. हे काम जाणत्या कारागिरासमोर बसून एकदा पाहावे आणि मग करावे. स्प्रिंग तुटलेली असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा कॅलिपर घेणे शहाणपणाचे.

परत जोडणे आणि जुळवणे

कॅलिपर जागी ठेवून त्याचे दोन्ही बोल्ट हातानेच, सैलसर लावावेत. चाकाच्या बाजूचा स्थिर पॅड आतबाहेर करण्यासाठी स्पोकांच्या बाजूने एक स्क्रू असतो, बहुधा ५ मिमी एलन कीचा किंवा हाताने फिरणाऱ्या चकरीचा. तो फिरवून स्थिर पॅड चकतीला अलगद टेकवावा. मग कॅलिपरवरची दांडी हाताने दाबून चकती दोन्ही पॅडांत धरावी आणि ती तशीच धरून कॅलिपरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. टॉर्क पाना असेल तर बहुतेक कॅलिपरांना ६ ते ८ न्यूटन-मीटर पुरते. दांडी सोडावी आणि स्थिर पॅड पाव फेरा मागे घ्यावा. चाक फिरवावे, घासत असेल तर आणखी किंचित मागे. स्थिर पॅड आणि चकती यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून अधिक फट नसावी, कारण ही फट जितकी मोठी तितकी चकती प्रत्येक वेळी जास्त वाकते.

तार बांधण्याआधी लिव्हरपाशी आणि कॅलिपरपाशी असलेले आट्यांचे स्क्रू, ज्यांना दुकानात ॲडजस्टर म्हणतात, पूर्ण आत फिरवून मग दोन फेरे बाहेर घ्यावेत. दांडी तिच्या मूळ, पूर्ण विसाव्याच्या जागी आहे हे बोटाने दाबून पाहावे. त्यानंतर तार केवळ ढिलाई निघेल एवढी ओढून बोल्ट आवळावा. दांडी तारेमुळे जागची तसूभरही पुढे सरकता कामा नये. पॅड झिजल्यावर अनेक जण तार ओढून दांडी अर्ध्या वाटेवर आणून बांधतात. त्यामुळे लिव्हर घट्ट वाटतो, पण दांडीची उरलेली चाल अपुरी पडते, ब्रेकचा जोर कमी होतो आणि परतण्यासाठी स्प्रिंगला मोकळी जागाच राहत नाही. पॅडची झीज पॅडच्या स्क्रूने भरून काढायची, तारेने नव्हे. ज्या कॅलिपरांत हलणाऱ्या पॅडलाही स्वतंत्र स्क्रू असतो त्यांत तो वापरावा. नसेल तर स्थिर पॅड आत घेऊन कॅलिपर वरीलप्रमाणे पुन्हा मध्यावर आणावा.

आता लिव्हर पूर्ण जोराने वीसेक वेळा दाबावा. नवे आउटर आपल्या टोप्यांत बसते, तार थोडी ढिली पडते. ती पुन्हा ओढून बांधावी. तारेचे दोन सेंटिमीटर टोक ठेवून बाकी कापावे आणि टोकावर ॲल्युमिनियमची टोपी चेपावी, नाहीतर धागे उलगडतात आणि पुढच्या वेळी तीच तार आउटरमधून परत जात नाही.

चकती वाकलेली आढळली असेल तर आधी तिचे बोल्ट तपासावेत. सहा बोल्टच्या चकतीत ते समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, गोलाने एकामागून एक नव्हे. तरीही एका जागी घासत असेल तर ती जागा मार्करने टिपावी, सरकपान्याचे जबडे स्वच्छ कापडात गुंडाळून चकतीची कड धरावी आणि अगदी हलक्या हाताने उलट दिशेला वाकवावी, दर वेळी चाक फिरवून पाहत. चकतीवर किमान जाडी कोरलेली असते. शिमानोच्या चकत्यांवर ती १.५ मिमी असते. त्याहून पातळ झालेली चकती सरळ करण्यात अर्थ नाही. शेवटी राखून ठेवलेल्या फडक्यावर अल्कोहोल घेऊन चकतीच्या दोन्ही बाजू पुसाव्यात आणि त्यानंतर तिला बोट लावू नये.

पहिली फेरी

रस्त्यावर जाण्यापूर्वी सायकलच्या बाजूला उभे राहून दोन्ही ब्रेक दाबावेत आणि सायकल पुढे-मागे ढकलावी. चाके हलता कामा नयेत. लिव्हर हँडलला टेकता कामा नये. सोडताच दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत. मग ले-आउटमधल्या रिकाम्या गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने चाचणी घ्यावी. नवे पॅड बसवले असतील तर ते चकतीशी जुळेपर्यंत पकड कमी लागते. सकाळी लवकर, सिव्हिल लाइन्ससारख्या मोकळ्या रस्त्यावर, मध्यम वेग घेऊन चाक न अडवता तो हळूहळू चालण्याच्या वेगापर्यंत उतरवावा आणि असे पंधरा-वीस वेळा करावे. सेमिनरी हिल्सचा उतार त्यानंतरच.

पहिल्या आठवड्यानंतर तार पुन्हा किंचित ढिली पडते. त्या वेळी ॲडजस्टर अर्धा फेरा बाहेर घ्यावा आणि दांडी अजूनही पूर्ण मागेच विसावते आहे हे बोटाने दाबून पाहावे. ती मागे येत नसेल तर ॲडजस्टर परत आत घ्यावा, तार सोडावी आणि दांडीची अंगठ्याची चाचणी पुन्हा करावी. सायकल कारागिराकडे न्यावीच लागली, तर या चाचणीचा निकाल त्याला आधी सांगावा: तार सोडल्यावर दांडी परत येते, किंवा येत नाही.